‘पाच वर्षांचं यंत्र, सहा वर्षांचा घसारा’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमच्या घसारा शीटला (यंत्राची किंमत दरवर्षी किती घटते ते काढणाऱ्या स्प्रेडशीटला) तुम्ही एकच तारा दिलात. तक्रारी तीन: दहाव्या महिन्याच्या सुरुवातीला घेतलेल्या यंत्रावर पहिल्याच वर्षी 30,750 घसारा लागला, पाच वर्षांच्या आयुष्याला सहा ओळी आल्या आणि वर्षारंभी घेतलेल्या दुसऱ्या यंत्राची शिल्लक 10,000 ऐवजी 10,003.38 राहिली. तुमचेच आकडे (किंमत 1,00,000, अवशिष्ट मूल्य म्हणजे आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत 10,000, आयुष्य 5 वर्षं) घालून मी शीट पुन्हा चालवून पाहिली.

पहिली चूक सरळसरळ आमची. शीट ज्यावर चालते त्या डीबी (DB) फंक्शनमधला, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक दराने घसारा काढणाऱ्या सूत्रातला, शेवटचा आकडा म्हणजे खरेदीचा महिना नव्हे. पहिल्या वर्षात यंत्र किती महिने वापरात होतं, तो आकडा. आम्ही रकान्यावर नुसतं ‘महिना’ लिहून ठेवलं, मग कोणीही 10 च टाकणार! तिथे 3 हवे होते. पूर्ण वर्षाचा घसारा 36,900, त्याचे 3/12 म्हणजे 9,225. ही तफावत ऑडिटरनी दाखवून द्यावी लागली, तेव्हा तुमचा राग रास्तच आहे. शीर्षक आता ‘पहिल्या वर्षी वापराचे महिने’ असं केलंय.

सहावी ओळ मात्र काढू नका. पहिल्या वर्षी 3 महिने धरले की उरलेले 9 सहाव्या वर्षात जातात.

राहिले दुसऱ्या यंत्राचे जादा 3.38. या आकड्यांवर घसाऱ्याचा दर 0.369043 येतो, पण डीबी तो तीन दशांश स्थळांपर्यंतच, म्हणजे 0.369 धरतं. दर वर्षी सुटलेला कण साचत जाऊन शेवटी 3.38 होतो. डीबीच्या या सवयीवर आमचा इलाज नाही. खरं तर याहून मोठी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली: पहिल्या यंत्राला 3 टाकले तरी शेवटी सुमारे 10,408 उरतात, कारण वर्ष महिन्यांच्या प्रमाणात तोडलं की घटत्या शिल्लकेचं गणित 10,000 वर नेमकं उतरत नाही. म्हणून नव्या शीटमध्ये शेवटच्या ओळीत डीबी ठेवलंच नाही. आधीची पुस्तकी किंमत (तोवरचा घसारा वजा जाता उरलेली) वजा अवशिष्ट मूल्य, बस्स. ऑडिटरना समान हप्ते चालणार असतील तर एसएलएन (SLN) हे दर वर्षी सारखाच घसारा काढणारं फंक्शन वापरा, पूर्ण वर्षाला 18,000.

आणि हो, अवशिष्ट मूल्याच्या जागी कधी 0 टाकू नका. दर 1 होतो आणि पूर्ण वर्ष धरलं असेल तर सगळी किंमत पहिल्याच वर्षी उडते. आता तिथे शीट अडवते.

सुधारलेली शीट तुमच्या खात्यात टाकली आहे. जुने आकडे कॉपी कराल तेव्हा तो 10 सोबत येईल, तेवढा हाताने 3 करा.