घोणस अळी पाच मिनिटांत माणूस मारत नाही

2022 च्या सप्टेंबरात व्हॉट्सॲपवर एक मेसेज गावोगाव फिरला. कपाशीवर नवीन अळी आली आहे, ती चावली की पाच मिनिटांत माणूस दगावतो, ती सापापेक्षा विषारी आहे, दिसेल तिथे औषध मारा, असा त्याचा मजकूर. सोबत काटेरी अळीचा, म्हणजे घोणस अळीचा (इंग्रजीत स्लग कॅटरपिलर) फोटो आणि शेतात निपचित पडलेल्या दोन माणसांचा फोटो. तोच मेसेज आता बागकामाच्या ग्रुपांवर दिसतो, फक्त कपाशीच्या जागी गुलाब किंवा आंबा आलेला असतो.

आधी फोटो. अळीचा फोटो खरा, माणसांचाही खरा, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. ते दोघे जळगाव जिल्ह्यात शेतात वीज पडून गेले होते. कुणीतरी दोन फोटो शेजारी चिकटवले आणि बाकीचं काम लोकांच्या भीतीनं केलं.

आता ‘चावते’ हा शब्द. ही अळी चावत नाही, तिला चावता येत नाही. तिचं डोकं पुढच्या कातडीखाली दडलेलं असतं आणि तोंड पान खरवडायच्या कामाचं. अळी उलटी करून पाहिली (चिमट्यानं, बोटांनी नव्हे) तर खालची बाजू चपटी, चिकट दिसते. इतर अळ्यांना पोटाखाली असतात तसे आकड्यांचे पाय तिथे नाहीत, त्यामुळे ती गोगलगायीसारखी पानावरून सरकत जाते. तिचं संरक्षण सगळं पाठीवर. अंगावर उंचवट्यांच्या रांगा, प्रत्येक उंचवट्यावर काट्यांचा झुबका. काटा आतून पोकळ, बुडाशी विषाची ग्रंथी. हात घासला की टोक मोडतं, कातडीत रुततं आणि विष आत उतरतं. म्हणजे अळी अंगावर येत नाही. आपण गवत उपटताना, पानं खुडताना तिच्यावर हात ठेवतो.

डंख लागताच भाजल्यासारखी आग होते, जागा लाल होऊन सुजते, कधी हातभर कळ जाते. बहुतेकांचा त्रास काही तासांत उतरतो, सूज एखाद-दोन दिवस राहते. त्या हंगामात बीडसह काही ठिकाणी लोक दवाखान्यात गेले, हे खरं. वेदना खोटी नाही, पाच मिनिटांतलं मरण खोटं आहे. धोका खरा असतो तो ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याला, आणि तसा धोका मधमाशीच्या डंखानंही असतो.

सापाशी तुलना तर दोन्ही बाजूंनी चुकते. खुद्द घोणस सापाचं विषही पाच मिनिटांत मारत नाही. ते रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं, मूत्रपिंडांवर जातं, त्याला तास-दिवस लागतात, म्हणून तर प्रतिविष द्यायला वेळ मिळतो. जगात जीवघेणी अळी नाहीच असंही नाही. दक्षिण ब्राझीलमध्ये लोनोमिया नावाच्या पतंगाच्या अळ्या झाडाच्या बुंध्यावर घोळक्यानं बसतात, एकदम अनेकींना हात लागला तर शरीरात रक्तस्राव सुरू होतो. त्यावरचं प्रतिविष साओ पाउलोची बुटांटान संस्था बनवते. ते कूळ वेगळं आणि ती अळी भारतात नाही.

डंख लागला तर चोळू नका. चोळल्यानं मोडलेले काटे आणखी आत जातात आणि त्रास वाढतो. जागेवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, दर वेळी नवा तुकडा घेऊन तीन-चार वेळा. मग साबणाच्या पाण्यानं धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. खाज राहिली तर डॉक्टरांना विचारून ॲलर्जीची गोळी. श्वास लागला, ओठ किंवा चेहरा सुजला, चक्कर आली, डोळ्यात काटा गेला, तर घरगुती उपाय सोडून थेट दवाखाना.

‘नवीन अळी’ हेही खरं नाही. घोणस अळीच्या कुळातल्या अळ्या इथे पूर्वीपासून आहेत. आंबा, नारळ, एरंड, डाळिंब, देशी बदाम, गुलाब यांवर दिसणारी हिरवी, पाठीवर निळसर पट्ट्यांची अळी कीटकशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतही सापडते. तिची मादी पानाच्या खालच्या बाजूला वीस-तीस चपटी, चकचकीत अंडी एकावर एक चढवून घालते. आठवड्याभरात अळ्या बाहेर येतात आणि सुरुवातीला घोळक्यानं पानाची खालची बाजू खरवडतात. पानावर पांढुरकी, जाळीदार खिडकी दिसली की समजावं. मोठ्या झाल्या की त्या पांगतात आणि शीर तेवढी ठेवून पान फस्त करतात. पाच-सहा आठवड्यांनी फांदीच्या बेचक्यात किंवा खोडावर टणक, राखाडी-तपकिरी कोष होतो. तीनेक आठवड्यांनी कोषाचं गोल झाकण ढकलून पतंग बाहेर पडतो. हिरव्या पंखांना तपकिरी किनार. तो काही खात नाही, डंखही करत नाही. मात्र कोष उघड्या बोटांनी खरवडू नका, त्यावर आणि टाकलेल्या कातेवर काटे उरलेले असतात.

राहिला फवारणीचा सल्ला. घरच्या बागेत त्याची गरज क्वचितच पडते. घोळका असलेलं पान कात्रीनं कापून साबणाच्या पाण्यात टाकलं की एका झटक्यात वीस अळ्या गेल्या. फार असतील तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. लहान अळ्यांवर हे चालतं. बोटाच्या पेराएवढ्या झालेल्या अळ्या दाद देत नाहीत, त्या चिमट्यानंच वेचाव्या लागतात. अळीच्या अंगावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर तिला हात लावू नका. ते परजीवी गांधीलमाशीचे आहेत. ती अळी तशीही मरणार, आणि त्या कोषांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या शोधतील. सरसकट औषध मारणारा या माश्यांनाच आधी मारतो.

आणि काटे दिसले की घोणस अळीच, असंही नाही. आंब्याच्या पानावर मधल्या शिरेला धरून पडून राहणारी, दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे आडवे पसरलेली, पाठीवर एकच पिवळसर रेघ असलेली हिरवी अळी बॅरन फुलपाखराची. एरंडावरची फाटे फुटलेल्या काट्यांची सडपातळ अळीही फुलपाखराचीच. दोघी निरुपद्रवी. घोणस अळी आखूड आणि जाडसर, काट्यांचे झुबके वर उभे, आणि डोकं कुठे ते पटकन कळत नाही.