फोन कोण उचलणार, हे ड्युटी चार्टवर लिहा

कोविड वॉर्डात नर्स होते तेव्हाची गोष्ट. रात्री एका मुलाचा फोन आला, बाबा कसे आहेत म्हणून. मी फळ्यावर बघितलं, बेड १४. "बरे आहेत, ऑक्सिजन कमी लागतोय, जेवलेसुद्धा," म्हणाले आणि ठेवला. त्याच्या बाबांना संध्याकाळीच आयसीयूत हलवलं होतं. १४ वर दुसरेच आजोबा होते. शिफ्ट बदलताना फळा पुसायचा राहून गेला होता. अर्ध्या तासात आयसीयूतून त्याला फोन गेला, व्हेंटिलेटर लावतोय म्हणून. त्यानंतर तो माझ्यावर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "सिस्टर, मी आईला सांगून टाकलं होतं हो, बाबा जेवले म्हणून."

चूक माझी. नाव विचारायला हवं होतं. पण त्या वॉर्डात फोन घेणं हे कुणाचंच काम नव्हतं. ज्याचे हात मोकळे त्यानं घ्यायचा, आणि हात कुणाचेच मोकळे नसायचे. आपत्तीच्या आराखड्याची जाडजूड फाइल होती. खाटा किती वाढवायच्या, कुठला मजला रिकामा करायचा, सगळं होतं. नातेवाइकांशी कोण बोलणार, याची एक ओळ नव्हती.

आतली तऱ्हाही तीच. ऑक्सिजनचा ७,००० लिटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला ६० लिटरनं दोन तासही पुरत नाही, हे गणित आम्हाला तोंडपाठ. पण तो संपत आलाय हे कुणी, कुणाला, कुठल्या नंबरवर कळवायचं? एन-९५ आणि वर फेसशील्ड घालून "साठ" म्हटलं की समोरच्याला "आठ" ऐकू येतं. म्हणून ऐकणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा, एवढी साधी सवय साथ येण्याआधीच लागायला हवी. ग्रुपवर एकाच दिवशी तीन सूचना आणि शेवटची कोणती ते कळत नाही, हे तर धोकादायकच. सूचनेवर तारीख-वेळ हवी आणि जुनी भिंतीवरून उतरलेली हवी.

निरोप खालून वरही जायला हवा. २००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत सार्स, म्हणजे कोविडसारखाच श्वसनाचा साथीचा आजार, ओसरला असं वाटलं, निर्बंध सैल झाले आणि मे महिन्यात एका रुग्णालयातून दुसरी लाट उठली. नंतरच्या चौकशी आयोगाच्या अहवालात नोंद आहे, की परिचारिकांनी त्याआधीच शंका बोलून दाखवली होती आणि ती मनावर घेतली गेली नाही. हे वाचलं तेव्हा मला खूप राग आला. रुग्णाशेजारी बारा तास उभ्या असलेल्या बाईला आधी दिसणारच ना!

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक शिफ्टला एक माणूस फक्त फोनसाठी ठेवा. घरच्यांपैकी एकाचाच नंबर घ्या, वेळ ठरवून आपणच फोन करा, आणि तब्येत बिघडली तर त्या वेळेची वाट बघू नका. आधी रुग्णाचं पूर्ण नाव, मग बाकीचं. मनुष्यबळ नाही म्हणतात, पण विलगीकरणात घरी बसलेले, बरं वाटत असलेले कितीतरी सहकारी हे काम करायला तयार होते. त्यांना रोज सकाळी ताजी यादी पाठवणारं तेवढं कुणीतरी हवं होतं.