काउन्सिलच्या काउंटरवरून तोंडी नकार घेऊन परतू नका

इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज नेहमीचा झालाय. घरमालक घर विकतोय, निघायला सांगितलंय, दोन लहान मुलं आहेत, कुणाच्या ओळखीत फ्लॅट आहे का? खाली एजंटांचे नंबर, ‘स्लाव (Slough) गावाकडे बघा’ वगैरे. ‘काउन्सिलकडे जा’, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, म्हणणारा एखादाच. त्यालाही लगेच ऐकवलं जातं, ‘ते बेनिफिटवाल्यांसाठी, सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांसाठी असतं हो, आपण नोकरदार माणसं.’

असं काही नाही. बेघर कुटुंबांसाठी काउन्सिलवर कायदेशीर जबाबदारी 1977 पासून आहे. पगार चालू आहे म्हणून दार बंद होत नाही. आणि बेघर म्हणजे फक्त फुटपाथवर झोपणारा नव्हे. मित्राच्या हॉलमध्ये मुलांना घेऊन दिवस काढणारं कुटुंबही कायद्याच्या लेखी बेघरच. आपल्याकडे हे कुणी कबूल करत नाही, चारचौघांत सांगायची लाज वाटते.

2017 चा बेघरपणा रोखण्याचा कायदा तर लंडनमधल्या हॅरो ईस्टच्या खासदाराने, बॉब ब्लॅकमन यांनी, खासगी विधेयक म्हणून मांडलेला. म्हणजे देशी वस्तीच्या उंबऱ्यातूनच आलेला. 56 दिवसांत घर जाईल असं दिसत असेल, तर ते वाचवायला किंवा दुसरं शोधायला काउन्सिलने मदत करायची. घर गेलंच तर नवं मिळवून द्यायला आणखी 56 दिवस. तरीही जमलं नाही, घरात मुलं किंवा गरोदर बाई असेल आणि घर मुद्दाम घालवलेलं नसेल, तर राहायची सोय काउन्सिलचीच. चौकशी पूर्ण व्हायच्या आधीही अशा कुटुंबाला तात्पुरती जागा द्यावी लागते. तुम्ही बेघर असाल असं मानायला जागा आहे, एवढं त्यासाठी पुरतं.

काउंटरवर मात्र ऐकू येतं, ‘बेलिफ येईपर्यंत तिथेच राहा.’ बेलिफ म्हणजे कोर्टाच्या हुकुमाने घर खाली करून घेणारा अधिकारी. माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. काउन्सिलांची ओढाताण कळते. इंग्लंडमध्ये 1 लाख 20 हजारांहून अधिक कुटुंबं तात्पुरत्या जागांत आहेत, हॉटेलांच्या बिलांनी तिजोऱ्या रिकाम्या झाल्यात. पण वेळ काढण्याची किंमत कोण मोजतं? कोर्टाचा खर्च भाडेकरूच्या बोकांडी बसतो, घरमालकाचा रेफरन्स हातचा जातो, पुढचं घर मिळणं अवघड होतं. सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात की, लोकांना सरसकट घर खाली करायचं कोर्टाचं वॉरंट निघेपर्यंत थांबवून ठेवू नये. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

म्हणून तिथे ‘घर मिळेल का?’ विचारत बसू नका. ‘मला बेघर म्हणून अर्ज करायचाय’ असं स्पष्ट सांगा. नकार मिळाला तर लेखी मागा, कारण फेरतपासणी मागायला 21 दिवसच मिळतात. तोंडी नकार हातात धरून वकिलाकडे काय नेणार?

आता कटू भाग. वर्क व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदतीवर हक्क नाही, अशी अट असेल, तर वरचं जवळजवळ काहीच तुम्हाला लागू नाही. टॅक्स कितीही भरा. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा आज असाच आहे. सल्ला मात्र काउन्सिलने कुणालाही फुकट द्यायचा असतो. आणि मुलं उघड्यावर येणार असतील तर 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम 17 खाली सोशल सर्व्हिसेसचं दार ठोठावता येतं. ती मदत पब्लिक फंड्समध्ये धरत नाहीत. हाउसिंगच्या अर्जावर सही करायच्या आधी मात्र इमिग्रेशनच्या जाणकाराला जरूर विचारा.