२३ मिनिटं आली कुठून? रावेरच्या वाचकाला उत्तर

दादा, तुमची तक्रार अशी : पायथनमध्ये वेळ कशी साठवावी यावरच्या माझ्या लेखात सांगितल्याप्रमाणे 'एशिया/कोलकाता' हे भारतीय वेळेच्या झोनचं नाव वापरलं, तर केळीच्या ट्रकची सकाळी १०:०० ची नोंद स्क्रीनवर ९:३७ दिसायला लागली. त्यापेक्षा युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) सरळ ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास, मिळवली की भागतं, हा सगळा पसारा कशाला?

घोळ खरा आहे, पण तो नावामुळे झालेला नाही. तुम्ही पायटीझेड या झोनच्या लायब्ररीतला झोन थेट डेटटाइमच्या (पायथनमधल्या तारीख-वेळेच्या) टीझेडइन्फो या झोनच्या रकान्यात दिलेला दिसतो. तसं केलं की ती लायब्ररी त्या झोनची सगळ्यात जुनी नोंद उचलते, म्हणजे प्रमाणवेळ येण्याआधीची कोलकात्याची स्थानिक वेळ : युटीसीच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे. दहातून तेवढे वजा झाले, युटीसीत ४:०७ साठले. दाखवताना साडेपाच तास मिळाले, ९:३७ झाले. पायटीझेडच ठेवायचं असेल तर त्यातलं लोकलाइज हे फंक्शन वापरा. पायथन ३.९ पासून झोनइन्फो ही झोनची लायब्ररी पायथनसोबतच येते, तिच्यात ही खोड नाही. (विंडोजवर टीझेडडेटा, म्हणजे झोनच्या नियमांचं पॅकेज, वेगळं टाकावं लागतं.) हे लेखात यायला हवं होतं, ती चूक माझी. जुन्या नोंदींत २३ मिनिटं मिळवा, पण फक्त या कोडमधून गेलेल्या नोंदींत. सरसकट मिळवलीत तर बरोबर असलेल्याही बिघडतील.

आता ३३०. रावेर ते दुबई एवढाच व्यवहार असेल तर खुशाल चालवा. दुबई बारा महिने युटीसीच्या ४ तास पुढे असते. इराणचं तसं नाही. तिथे २०२२ पर्यंत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे जायचं, २०२३ पासून ते बंद झालं. टीझेडडेटा जुना राहिला तर उन्हाळाभर तासाची चूक. रॉटरडॅमच्या ग्राहकाचे सकाळचे ९ म्हणजे २७ मार्च २०२६ ला आपले दुपारचे दीड, आणि ३० मार्चला साडेबारा, कारण मधे तिथलं घड्याळ उन्हाळ्यासाठी तासभर पुढे जातं. म्हणून पुढची ठरलेली वेळ साठवताना तिथली स्थानिक वेळ आणि झोनचं नाव, दोन्ही ठेवा. होऊन गेलेल्या नोंदीला युटीसी पुरे.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक खाच आहे. ऑफसेट, म्हणजे युटीसीपासूनचा फरक, छापताना मिनिटांना ६० ने भागता. न्यूफाउंडलंडचे हिवाळ्यातले -२१० दिले तर पायथन भागाकार -४ आणि बाकी ३० देतं, नि छापलं जातं -०४:३०. हवं -०३:३०. चिन्ह आधी बाजूला काढा, मग भागा.