‘डीडीटी माणसाला बाधत नव्हती’ हे खरं नाही

डीडीटी ही डास मारायला फवारायची पावडर माणसाला अजिबात बाधत नव्हती, एका अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने ती भाषणात चमच्याने खाऊन दाखवली, पर्यावरणवाद्यांनी बंदी आणली आणि मलेरिया परत आला: असा मेसेज पुन्हा फिरतो आहे.

चमचाभर खाल्ली, हे खरं. पण ग्रंथींचं नुकसान खाल्ल्याबरोबर दिसत नसतं. १९४९ साली अमेरिकेत कुत्र्यांना डीडीडी दिली गेली. ही डीडीटीची सख्खी बहीण. डीडीटी मोडताना थोडीफार तीच तयार होते. कुत्र्यांच्या अॅड्रिनल ग्रंथींचा बाहेरचा थर सुकून गेला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी. त्या थरातल्या कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवणाऱ्या पेशींवर हे रसायन नेमका घाव घालतं. मीठ-पाण्याचा तोल राखणाऱ्या, अगदी वरच्या पेशी बऱ्याचशा वाचतात. म्हणून तर डीडीडीच्याच एका प्रकाराचं पुढे औषध झालं, मायटोटेन. अॅड्रिनलच्या कॅन्सरवर ते आजही देतात, आणि सोबत हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच, गोळ्या द्याव्या लागतात, कारण निरोगी पेशीही कॉर्टिसॉल बनवेनाशा होतात.

मायटोटेन रोज काही ग्रॅम देतात, हे मात्र ध्यानात घ्यायला हवं. माझ्या आजीच्या घरी फवारणी झाली की भिंतींवर पांढरा थर बसायचा आणि दाराशेजारी गेरूने तारीख लिहिलेली असायची. तेवढ्याने तिच्या ग्रंथी निकामी झाल्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण ‘अजिबात बाधत नाही’ हे कसं म्हणणार? डीडीटीपासून बनणारी डीडीई तर चरबीत वर्षानुवर्षं मुरून राहते, आणि ती पुरुषी हार्मोनची वाट अडवते हे १९९५ च्या संशोधनात दिसलं.

आता बंदी. अमेरिकेने १९७२ साली ती आपल्या देशापुरती घातली. भारतात १९८९ मध्ये डीडीटी शेतीत बंद झाली, मलेरियाच्या फवारणीत चालूच राहिली. टिकाऊ विषारी रसायनांवरच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानेही त्यासाठी सवलत ठेवली. आपल्याकडे १९६५ मध्ये वर्षाला लाखभर रुग्ण उरले होते, १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. तेव्हा इथे बंदी नव्हतीच, फवारणी चालू होती. डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते आणि देखरेख ढिली पडली होती.