कापून दिलेली पट्टी म्हणजे बचत नव्हे

रुग्णाने औषधाच्या किमतीचा थोडा वाटा उचलला की अनावश्यक वापर घटतो आणि सरकारचा औषधखर्च वाचतो, हे लेखातील विधान नैराश्यावरील गोळ्यांना लागू करणे मला पटले नाही. सोलापुरात माझे औषधांचे दुकान आहे. यंत्रमागावरचा कामगार दहा गोळ्यांची पट्टी पुढे आली की हलक्या आवाजात “चारच द्या, बाकीच्या पगार झाल्यावर नेतो” म्हणतो, मी कात्रीने पट्टी कापतो, आणि पुष्कळदा तो पुन्हा येतो ते महिन्याने. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. त्यामुळे पैशांअभावी सुटलेली गोळी ही उधळपट्टी टळल्याची खूण नसून अर्धवट राहिलेला उपचार असतो, आणि आजार उलटला की त्याचा भार रुग्णालयाच्या खात्यावर पडतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार यादीतील अत्यावश्यक औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत. पण तिथल्या रांगेत बुडणारी दिवसाची मजुरी हासुद्धा रुग्णाने भरलेला वाटाच आहे, आणि लेखाच्या हिशेबात तो कुठेच धरलेला नाही.