पोथीच्या शेवटच्या पानावरची नावं

नमस्कार. अरबी पोथ्यांचे अभ्यासक कोनराड हिर्शलर यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘अरबी पोथ्या कुणाकडून कुणाकडे गेल्या एवढंच आयुष्यभर शोधायचं नि आतला मजकूर बाजूला ठेवायचा, ही कारकुनी झाली, इतिहास नव्हे. शिवाय आपल्या विजापूरच्या पोथ्या लंडनला गेल्या, त्याबद्दल अवाक्षर नाही.’

कारकुनीचं म्हणणं मला पटत नाही. हिर्शलर यांची सुरुवात मजकुरापासूनच झाली. अबू शामा आणि इब्न वासिल या दोन मध्ययुगीन इतिहासकारांचं लेखन त्यांनी आधी बारकाईनं वाचलं. लंडनचं सोआस विद्यापीठ, मग बर्लिन, मग हॅम्बुर्ग असं शिकवता शिकवता ते लिहिणाऱ्यांकडून वाचणाऱ्यांकडे वळले.

दमास्कसच्या अश्रफिया ग्रंथालयाची तेराव्या शतकातली यादी इस्तंबूलमध्ये आहे. दोन हजारांवर पुस्तकं. आधी मुळाक्षर, मग आकार, मग विषय अशी लावलेली. सुलतानाच्या कबरीला जोडलेलं ग्रंथालय म्हटल्यावर तिथे सगळे धर्मग्रंथच असणार, असं आपण धरून चालतो. हिर्शलर यांनी एकेक नोंद ओळखून लावली, तर काव्याचा वाटा भलामोठा निघाला. त्यातलं एखादं काव्य कितीही वेळा वाचलं असतं, तरी हे कळलं नसतं.

आणि ती नावं! त्या काळी हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची, पोथी जाणकारासमोर मोठ्यानं वाचत आणि कोण कोण ऐकायला होतं ते पोथीवरच लिहून ठेवत. बरोबर आणलेल्या लहानग्यांचीसुद्धा नोंद होई. कुणाला मधेच डुलकी लागली, तर तेही लिहीत. १५०३ मध्ये वारलेल्या इब्न अब्द अल-हादी या दमास्कसच्या विद्वानानं अशी वाचनं घरीच केली. त्याच्या पोथ्यांवर त्याच्या मुलाबाळांची नावं आहेत, आणि बुलबुल या त्याच्या घरातल्या दासीचंही. एरवी तिचं नाव कोणत्या इतिहासात आलं असतं?

आमच्या आजीच्या पांडवप्रतापाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शाईनं पाच जन्मतिथी लिहिल्या आहेत. त्यातली दोन मुलं लहानपणीच गेली, त्यांची नावं दुसरीकडे कुठेच नाहीत. मूळ ग्रंथ छापील, हजारो घरांत असलेला. ते पान मात्र एकच आहे. म्हणून हे काम मला इतकं जवळचं वाटतं.

विजापूरचं मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि ती चूक माझी. आदिलशाही ग्रंथसंग्रहातल्या उरलेल्या पोथ्या विजापूरच्या आसार महालात होत्या. विजापूर तेव्हा सातारकर छत्रपतींच्या राज्यात होतं. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं आणि १८५३ मध्ये पोथ्या कंपनी सरकारनं लंडनला नेल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पोथ्यांच्या प्रवासावर लिहायला बसलो आणि आपल्या दारातून निघालेला प्रवासच विसरलो, याचं वाईट वाटलं.

पण बघा, त्या पोथ्यांवर आदिलशाही शिक्के आहेत, संग्रहात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. कोणती पोथी विजापूरच्या दरबारात होती, हे आज ठामपणे सांगता येतं ते त्या काळच्या कुणा कारकुनानं शिक्का मारून तारीख घातली म्हणून.

लेखात विजापूरचा परिच्छेद आज रात्रीच घालतो. चूक कुणी दाखवली, तेही खाली लिहितो.